कंबोडियन नववर्षाचा प्रोग्राम : 200 रुपयांत काय काय मिळालं

गेल्या रविवारी आईला घेऊन कंबोडियन नववर्षाच्या प्रोग्रामला जाऊन आले. हार्बर लाईनवरच्या एका बुद्धविहाराच्या खालच्या हॉलमध्ये होता, तिकीट 200 रुपये आणि त्यातच जेवणाचं कूपन. विहाराचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण खाली थोडी कुरकुर केलीय आणि राबणारी सगळी पोरं फुकट राबत होती. इथे शिकायला आलेले सातआठ कंबोडियन विद्यार्थी, लग्न होऊन मुंबईत आलेल्या दोन बायका, आणि बाकी विहारातली आपलीच मुलं.

त्यांचं खरं नववर्ष 14 एप्रिलच्या आसपास, तीन दिवसांचं. पण 14 तारखेला आपल्याकडे कुठल्या विहारात पाय ठेवायला जागा असते का? म्हणून पुढचा रविवार धरला, आणि रविवार म्हटला की मेगाब्लॉक, त्यामुळे 11 चा प्रोग्राम साडेबाराला सुरू झाला. त्याचं काही नाही, अर्धं पब्लिक पण तेव्हाच पोचलं. माईकचं मात्र बोलणारच. एक माईक बंद, दुसरा शिट्ट्या मारणारा, आणि दोन तासांत कोणालाही तो तोंडापासून जरा लांब धरावा असं सुचलं नाही.

सुरुवात त्रिसरणाने. कंबोडियन भंतेजींनी म्हणायला घेतलं तर उच्चार इतके वेगळे की पहिली ओळ कोणाला कळलीच नाही, दुसऱ्या ओळीला पांढऱ्या साड्यांतल्या सगळ्या मावश्यांच्या लक्षात आलं की अरे हे तर आपलंच आहे, आणि मग हॉल असा काही दणाणला की माईकची गरजच संपली. पहिल्या दिवसाला ते मोहा संक्रान म्हणतात, म्हणजे महासंक्रांतच की, सूर्य मेषेत जातो तो दिवस. तिसरा दिवस लेउंग साक, त्यातला साक म्हणजे आपला शक. हे मला एका व्हॉलंटियर मुलीने चहाच्या रांगेत सांगितलं, स्टेजवरून कोणी सांगितलंच नाही. असं कसं चालेल?

पहिला डान्स आशीर्वादाचा, शेवटी पाकळ्या उधळतात तो. चार मुली, त्यातल्या दोन आपल्या चेंबूरच्या. हाताच्या मुद्रा म्हणजे झाडच, पान, फूल, फळ असं सगळं बोटांत, आणि बोटं मागे इतकी वळवायची की बघूनच दुखतं. तिकडे पोरींना लहानपणापासून ती सवय लावतात, आपल्या दोघींनी दोन महिन्यांत जमेल तेवढं केलं, ते दिसत होतं, चालतंय. खाली नेसलेलं वस्त्र मागे कासोटा मारून खोचलेलं, त्याला सांपोत चांग क्बेन म्हणतात. आई म्हणाली, "अगं हा तर काष्टाच!"

मग एक मुलगा उभा राहिला आणि 1975 बद्दल बोलला, इंग्लिशमध्ये, बाजूला आपला एक कॉलेजचा पोरगा मराठी करत होता. त्या वर्षी नववर्ष संपतंय न संपतंय तोच 17 एप्रिलला ख्मेर रूज, म्हणजे पोल पॉटचे कम्युनिस्ट बंडखोर, राजधानी नॉम पेन्हमध्ये घुसले आणि आख्खं शहर रिकामं करून लोकांना शेतांवर हाकललं. भिक्खूंची चीवरं उतरवली, नाच बंद, सण बंद, नोटासुद्धा बंद. जानेवारी 1979 पर्यंत 15 ते 20 लाख माणसं गेली, त्यात नाचणारे, वाजवणारे, शिकवणारे बहुतेक सगळे. जे थोडे गुरू वाचले त्यांनी अंगात जे शिल्लक होतं त्यावरून नाच परत बसवला. 2003 मध्ये युनेस्कोने त्याच नाचाला, म्हणजे कंबोडियाच्या शाही नृत्याला, मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला. भाषांतर करणारा पोरगा मध्येच गप्प झाला, दोन वाक्यं राहून गेली, पण कोणी काही बोललं नाही.

त्यानंतर करवंट्यांचा नाच ठेवला होता ते बरं केलं. दोन्ही हातात करवंट्या, मुलंमुली एकमेकांच्या करवंटीवर आपटत फिरतात, आपल्या टिपऱ्यांची आठवण येते. आणि मग बाहेर पॅसेजमध्ये रस्सीखेच, बाया विरुद्ध पुरुष. हसू नका, कंबोडियाची रस्सीखेच 2015 मध्ये आणखी तीन देशांच्या जोडीने युनेस्कोच्या यादीत गेलीय. बाया जिंकल्या. आई पण ओढत होती, गुडघेदुखी त्या वेळी कुठे गेली कोण जाणे.

आता जेवण, ज्यासाठी अर्धे लोक आले होते. अमोक म्हणजे मासा नारळाच्या दुधात, गवती चहा, हळद, लसूण असं वाटण लावून केळीच्या पानाच्या द्रोणात वाफवलेला. एक नंबर. बासा बघून आईने नाक मुरडलं, पापलेट नाही निदान रावस तरी, पण तिकडे अमोक गोड्या पाण्याच्या माशाचाच करतात आणि बासा मुळात मेकाँगचाच मासा, म्हणजे इथे तरी तो बिचारा आपल्या घरच्या जेवणात होता. तांदळाच्या शेवयांवर माशाची पातळ करी घालून देतात ते नोम बान्ह चोक, कोकणातल्या शिरवाळ्यांची तिखट बहीण समजा. क्रालान खरं बांबूत भाजतात, चिकट तांदूळ, चवळी, नारळाचं दूध. इथे पानात वाफवलं होतं, त्यामुळे तो धुराचा वास नाही, त्यात जरा निराशा झाली. प्राहोकची बरणी उघडली तेव्हा अर्धा हॉल नाकाला रुमाल लावून पळाला, आंबवलेल्या माशाचा वास तो, सुकट-बोंबलावर वाढलेली आमची आई दोनदा मागून आली. अमोक मात्र दीड वाजता संपला आणि हातात कूपन असून पंधरावीस लोक तसेच उभे होते. कूपनं मोजून विका की बाबांनो.

शेवटी बुद्धमूर्तीला सुगंधी पाण्याने स्नान घालतात, मग घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातावर पाणी घालतात. चहाच्या रांगेतल्या त्याच मुलीने आईला "येय" म्हणजे आजी म्हणून बसवलं आणि हातावर मोगऱ्याचं पाणी घातलं. मग म्हणाली भाद्रपदात पण या, आमचं प्चुम बेन असतं, पंधरा दिवस, पितरांसाठी पहाटे भाताचे गोळे ठेवतो, बेन म्हणजे पिंड. त्या चार वर्षांत गेलेल्यांचं तर काहीच करता आलं नव्हतं, त्यांच्यासाठी पण ठेवतो.

आई गडबडली. बावीस प्रतिज्ञा तिला पाठ, श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. हो पण म्हणेना आणि नाही पण. ट्रेनमध्ये कुर्ला आलं तेव्हा म्हणाली, "भात रांधून देईन मी त्यांना. ठेवायचा तो त्यांचा त्यांनी ठेवावा."

जेवणाला 5 पैकी 4, साऊंडला 1. सुट्टे पैसे घेऊन जा, खालच्या हॉलमध्ये रेंज नाही आणि जीपे चालत नाही.