येळवशीचं पान आणि जिम्प ३ : नवशिक्यांसाठी रिव्ह्यू

डिजिटल स्क्रॅपबुकला, म्हणजे कॉम्प्युटरवर फोटो जुळवून करायच्या आठवणींच्या वहीला सुरुवात कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करावी असं हल्ली बऱ्याच जणी विचारायल्यात, तर माझं उत्तर जिम्प ३ हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर. फुकट आहे हे तर झालंच, पण मला ते आवडायचं खरं कारण वेगळं आहे. ते तयार फ्रेमा, तयार स्टिकर काहीच देत नाही. नवशिक्याला हीच अडचण वाटते आणि माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

कारण तयार टेम्प्लेटं उघडून बघा, समुद्रकिनारा, बर्फ, गुलाबी फुगे, मॅपलची पानं. आमच्या लातूर-धाराशिवकडची येळवस, म्हणजे शेतात साजरी करायची वेळ अमावस्या, त्यात कुठं बसवायची? कडब्याची कोप म्हणजे खोपी, त्यात मांडलेले चुना लावलेले पांडव, आंबिलीचं मडकं, भज्जी आणि उंडे, सगळं घरदार शेतात जेवायला बसलेलं, ह्याचं स्टिकर कुणी काढून ठेवलेलं नाही. ते आपल्यालाच आपल्या फोटोंतून काढावं लागतं आणि जिम्प त्याच कामासाठी आहे. १९९५ साली स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस ह्या दोन कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेलं हे काम, आज जगभरातले लोक मिळून पुढं नेतात. मार्च २०२५ मध्ये ३.० आलं, आणि जुनं २.१० वापरून कुणी कंटाळून सोडलं असेल तर त्यांनी हे नक्की परत बघावं, का ते पुढं सांगते.

आधी पानाचा साइज. स्क्रॅपबुकचं पान साधारण १२ बाय १२ इंच धरतात, प्रिंट काढायची असेल तर ३०० रिझोल्युशन, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, पान झालं ३६०० बाय ३६०० पिक्सेल. नवी फाइल करतानाच हे टाकायचं, नंतर पान मोठं करत बसलं की फोटो फुटतात. आपल्याकडं लग्नाचा करिझ्मा अल्बम असतो ना, १२ बाय ३६ वाला, त्याचंच हे घरगुती धाकटं भावंड समजा. आणि फोटो व्हॉट्सअॅपवरून साधे मागवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलवर येतो, म्हणजे ३०० च्या हिशोबानं जेमतेम सव्वापाच इंच. छोट्या चौकटीला चालतो, पण अख्ख्या शिवाराचा फोटो पानभर लावायचा म्हटलं की संपलं.

पानाच्या मागं कागद म्हणून मी वाकळीचा, म्हणजे गोधडीचा फोटो लावलाय. सावलीत अंथरायची, बरोबर वरून फोटो घ्यायचा, उन्हात घेतला की टाक्यांच्या सावल्या पडून सगळं कडक दिसतं. चौकोनी क्रॉप करून पानाएवढा मोठा केला, थोडा मऊ होतो, पण मागचा कागदच असल्यानं काही बिघडत नाही. वाकळ म्हणजे लाल-निळे-पिवळे तुकडे, त्यावर फोटो ठेवले तर डोळ्याला कुठं बघावं कळत नाही, म्हणून तिच्यावर एक नवी लेयर, म्हणजे वरून ठेवलेल्या कागदासारखा थर घेऊन बदामी रंग भरायचा आणि त्या लेयरची ओपॅसिटी ६० च्या आसपास आणायची. धावदोरा दिसत राहतो आणि रंग मागं सरकतात. लेयर म्हणजे काय हे ज्यांना कळत नाही त्यांना मी एवढंच करून बघायला सांगते, ते ओपॅसिटीचं बटण मागंपुढं सरकवलं की आपोआप कळतं.

आता खरी मजा, ज्वारीचं कणीस. मला कोपऱ्यात खरंखुरं कणीस पाहिजे होतं. ह्यासाठी कणीस पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो, पण ज्वारीचा दाणाच पांढरट, मग सॉफ्टवेअरला दाणा कुठला आणि कागद कुठला हे ओळखू येत नाही. गडद निळी कार्डशीट घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळते. मग मागचा निळा रंग निवडायला दोन टूल आहेत. फझी सिलेक्ट फक्त जिथं क्लिक केलं तिथून सलग लागून असलेलाच रंग पकडतं, त्यामुळं दाण्यांच्या मधल्या बारक्या फटींत निळं तसंच राहतं. सिलेक्ट बाय कलर मात्र चित्रात जिथं जिथं तो निळा आहे तिथं सगळीकडून पकडतं, फटींतलासुद्धा. एका क्लिकवर सगळं आलं नाही तर थ्रेशोल्ड, म्हणजे रंगातला किती फरक चालेल तो आकडा, थोडा वाढवायचा. मग सिलेक्शन उलटं करायचं, एक पिक्सेल आत घ्यायचं म्हणजे निळी किनार राहत नाही, आणि डिलीट न मारता लेयर मास्क लावायचा. मास्कवर काळा ब्रश फिरवला की तो भाग लपतो, पांढरा फिरवला की परत येतो. काहीच कायमचं पुसलं जात नाही. नवशिक्याला जे धाडस पाहिजे असतं ना, ते ह्या मास्कमुळं येतं, म्हणून बाकी काही शिका न शिका पण मास्क शिकाच.

सावलीचं बघा. डिजिटल पान सपाट न दिसता हातानं चिकटवल्यासारखं दिसायचं असेल तर सगळा खेळ ड्रॉप शॅडोचा आहे. जुन्या जिम्पमध्ये सावली टाकली की टाकली, बदलायची तर ती काढून परत टाकायची. तीनमध्ये लेयरच्या शेजारी एफएक्स असं चिन्ह येतं, त्यावर जाऊन कधीही कमीजास्त करता येतं, आणि २.१० सोडलेल्यांनी परत बघावं म्हटलं ते ह्याचसाठी. माझी भाची पान बघून लगेच म्हणली, "मावशी, सावली लई झाली, फोटो हवेत लटकायलाय." बरोबर होतं तिचं. फोटोची सावली थोड्या अंतरावर आणि धूसर पाहिजे, कणसाची अगदी चिकटून, आणि सगळ्यांच्या सावल्या एकाच बाजूला पडल्या पाहिजेत. फोटो दोन-तीन अंश तिरका केला की बास, त्याच्यापुढं गेलं तर पान घसरल्यासारखं वाटतं.

मराठी अक्षरांचं मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं, पण जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं नीट येतं, फक्त फॉन्ट युनिकोड पाहिजे. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आणून चिकटवला तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसणार, त्यात जिम्पचा दोष नाही, ते फॉन्टच तसे असतात. गुगल फॉन्ट्सवरचे मुक्त, कलम, मोदक, यात्रा वन हे फुकट मिळतात. वहीत लिहिल्यासारखं पाहिजे तर कलम, मोठ्या मथळ्याला मोदक. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड चालू केला की सरळ टाइप होतं. नवीन जिम्पमध्ये अक्षराला बाहेरून रेघ द्यायची सोय टेक्स्ट टूलमध्येच आलीय, वाकळीसारख्या रंगीत कागदावर "ओलगे ओलगे" हा येळवशीचा घोष मोठा लिहायला ती फार कामी आली.

आता ज्याचा त्रास होतो तेही सांगते. सेव्ह केलं की फाइल एक्ससीएफ ह्या जिम्पच्या स्वतःच्या प्रकारातच जाते, जेपीजी पाहिजे तर एक्सपोर्ट करावं लागतं, नवीन माणूस इथं हमखास गोंधळतो. मूव्ह टूल धरून फोटो ओढायला जावं तर वरची दुसरीच लेयर सरकते, टूलच्या ऑप्शनमध्ये अॅक्टिव्ह लेयर हलवायचं निवडून ठेवा. डावीकडं एका चिन्हाखाली चार-चार टूल लपलेले असतात, दाबून धरल्याशिवाय दिसत नाहीत. मोठं पान आणि भरपूर लेयर म्हटल्यावर कमी रॅमचा जुना पीसी दमतो, आणि विंडोज १० च्या खालचं असेल तर ३.० चालतच नाही. खेड्यात लाइटचा भरवसा नाही, डेस्कटॉपवर करत असाल तर दर थोड्या वेळानं कंट्रोल एस.

दुसरं काही बघायचं का? एका संध्याकाळीत ग्रुपवर टाकायला पान पाहिजे असेल तर कॅनव्हा घ्या, मोबाइलवर होतं, मराठी फॉन्टही आहेत, फक्त मुकुटाचं चिन्ह असलेल्या गोष्टींना पैसे लागतात. इन्स्टॉल करायचं नसेल तर फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, जाहिराती दिसतात पण लेयर आणि मास्क सगळं आहे, आणि स्टुडिओवाल्याकडून मिळालेली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइलसुद्धा उघडते. क्रिटा चित्र काढणाऱ्यांसाठी भारी, फोटोच्या पानासाठी मला तेवढं सोयीचं नाही वाटलं. पण दरवर्षी येळवशीचं एक पान करायचं, पोरं मोठी होत जातील तशी वही वाढवायची असं मनात असेल, तर जिम्पच शिका, कारण फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर राहते आणि पुढच्या वर्षी तेच कणीस उचलून नव्या पानावर ठेवता येतं.

प्रिंटचं तेवढं लक्षात ठेवा. चारी बाजूंनी पाव इंच जागा सोडा, कटिंगमध्ये कडेचं जातंच. जेपीजी ९५ क्वालिटीवर एक्सपोर्ट करा, पेनड्राइव्हमध्ये न्या, मॅट कागद मागा, आणि लॅबवाल्या दादांना आधीच सांगा की ऑटो कलर लावू नका, नाहीतर बदामी कागद पांढरा होऊन येतो आणि चेहरे लालबुंद.