पारा, वळीव आणि नोंदवही: अॅप, वेधशाळा, रडार की घरचं यंत्र?

एप्रिल उजाडला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आकड्यांची भांडणं सुरू होतात. एकाच्या फोनवर ४१, दुसऱ्याच्या फोनवर ४३, आणि तिसरा कुणीतरी सिग्नलला थांबल्या थांबल्या गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो टाकतो: ४७! खोटं कुणीच बोलत नसतं. एकानं अंदाज वाचलेला असतो, दुसऱ्यानं वेगळा अंदाज वाचलेला असतो आणि तिसऱ्यानं तापलेलं डांबर मोजलेलं असतं. ज्यांना नुसतं 'बापरे' म्हणून कूलर लावायचा आहे त्यांना यातलं काहीही चालेल. पण हवामानाचा नाद लागलेल्या माणसानं खिशात हात घालण्याआधी एक ठरवावं: आपल्याला कशाच्या मागं लागायचंय? विक्रमांच्या, वादळांच्या, की आपल्या दारातल्या हवेच्या? तिन्हींची साधनं वेगळी आहेत, आणि एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की पैसे तरी जातात किंवा वाद तरी हरतो.

फोनमधल्या अॅपचं आधी उरकून टाकू. त्यात दिसणारं 'आत्ताचं तापमान' बहुतेक वेळा तुमच्या जवळच्या तापमापकावरून आलेलं नसतंच. संगणकी प्रारूपानं काढलेलं ते अनुमान असतं. हवामान अंदाजाच्या युरोपीय केंद्राचं जागतिक प्रारूप पृथ्वीचे साधारण ९ किलोमीटरचे चौकोन पाडतं, अमेरिकेचं १३ च्या आसपास. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं घडवलेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरपर्यंत उतरली आहे. तरी सिंहगडाचा माथा आणि पायथा एकाच चौकोनात बसतात. पुढचे चार-पाच दिवस पारा चढणार की उतरणार, वारा कुठून वळणार, हे बघायला विंडीसारखी अॅपं झकास. कालचा उच्चांक ठरवायला मात्र त्यांचा काडीचा उपयोग नाही. आणि 'फील्स लाइक'चा, म्हणजे अंगाला किती जाणवेल त्याचा, आकडा तापमान म्हणून वहीत लिहू नका.

विक्रमांचा नाद असेल तर वेधशाळेला पर्याय नाही

हे मी ठामपणे सांगतो. विक्रम म्हणजे नुसता मोठा आकडा नव्हे. एकाच जागी, एकाच पद्धतीनं, वर्षानुवर्षं घेतलेल्या नोंदींतला सर्वांत मोठा आकडा. हवामान खात्याच्या वेधशाळेत तापमापक पांढऱ्या रंगाच्या, चारी बाजूंनी झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. ऊन थेट लागत नाही, वारा मात्र खेळता राहतो. म्हणूनच ३० एप्रिल १८९७ चे पुण्याचे ४३.३ आणि आजचे ४१ एकाच वाक्यात बोलता येतात. नागपूरचे ४७.९ अंश (२३ मे २०१३) आणि सांताक्रूझचे ४२.२ (१४ एप्रिल १९५२) हे आकडेही याच जातीचे.

आता ३० मे २०२४ ची गोष्ट. नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि बातमी देशभर पोचली. त्याच शहरातली दुसरी केंद्रं तेव्हा ४४ च्या आसपास होती. संवेदकात बिघाड असल्याचं हवामान खात्यानं नंतर स्पष्ट केलं. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रानं ५२.९ दाखवले होते. तिथला संवेदक ३ अंश जास्त सांगत असल्याचं तपासणीत निघालं. स्वयंचलित केंद्रं वाईट असतात असा याचा अर्थ नाही. दर तासाला, पाऊस असताना, रात्री दोन वाजतासुद्धा आकडा मिळतो तो त्यांच्याचमुळे. पण शेजारचं केंद्र काय म्हणतंय हे बघितल्याशिवाय त्यांच्या आकड्याला 'विक्रम' म्हणायचं नाही, एवढं पथ्य पाळावं. पुण्यातही कोरेगाव पार्कचं स्वयंचलित केंद्र आणि शिवाजीनगरची वेधशाळा यांच्यात उन्हाळ्यात चांगला फरक पडतो. कोरेगाव पार्कच्या आकड्याची तुलना कोरेगाव पार्कच्याच जुन्या आकड्यांशी करा, १८९७ शी नको.

जागेचा फरक किती मोठा असू शकतो ते मुंबई दाखवते. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची, तीन बाजूंना समुद्र. सांताक्रूझ आत. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडचे कोरडे वारे जोरात असले की समुद्रावरून येणारा वारा उशिरा आत शिरतो, आणि तेवढ्या दोन-तीन तासांत सांताक्रूझचा पारा उसळतो. २८ मार्च १९५६ ला तो ४१.७ वर गेला होता. पावसाचं तर विचारूच नका: २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला ७४ च्या आत. 'मुंबईत किती पडला?' या प्रश्नाला उत्तरच नाही; कुठल्या मुंबईत, ते आधी सांगा.

त्या नोंदीत नवख्यांना चकवणारी आणखी एक गोष्ट आहे. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात आणि आकडा दुसऱ्या तारखेच्या नावावर चढतो. मुंबई बुडाली २६ जुलैला, नोंदीत तारीख २७. वळवाच्या पावसात हे दर आठवड्याला होतं: संध्याकाळी पाचला झोडपलं तरी तो पाऊस 'उद्याचा'.

उष्णतेच्या लाटेची व्याख्याही पाठ असलेली बरी, म्हणजे 'एवढं तापलं तरी लाट का नाही म्हणत' हा दरवर्षीचा वाद टळतो. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनाऱ्यावर ३७ हवं, आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त हवं. त्याच्या वर गेलं तर तीव्र लाट. पारा ४५ ला टेकला तर सरासरी न बघता लाट, ४७ ला तीव्र. शिवाय विभागातल्या निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे दिसायला हवं. त्यामुळे चंद्रपूरला मे महिन्यात ४४ झाले तरी लाट असेलच असं नाही, आणि सांताक्रूझला मार्चमध्ये ३९ झाले तर असू शकते.

वेधशाळेचा तोटा उघड आहे. ती तुमच्या गावात नसेल. जुनी माहिती हवी तर पुण्याच्या कार्यालयाकडे रीतसर मागणी करावी लागते. पण नाद विक्रमांचा असेल तर यंत्रावर एक रुपयाही घालवू नका. रोजचा कमाल-किमान तक्ता उतरवून घ्या, किमानसकट. रात्रीचा पारा खाली न येणं हे दुपारच्या उच्चांकाइतकंच बोलकं असतं, आणि त्याचे स्क्रीनशॉट कुणी काढत नाही.

वादळांचा नाद: इथं मजा रडारची

वळीव ही खरी आपली चीज. पुण्या-नगरकडे दुपारी दोनला आभाळ स्वच्छ, साडेतीनला पूर्वेला फुलकोबीसारखा ढग, पाचला धूळ, साडेपाचला गारा. मोसमी पाऊस घाटाकडून येतो; वळीव पुष्कळदा उलट दिशेनं चालून येतो. हे सगळं घडताना बघायचं तर रडारचं चित्र हवं. कुलाबा आणि वेरावली ही मुंबईतली दोन, शिवाय नागपूर, सोलापूर आणि पणजी इथली रडार आपल्याला जवळची. चित्र दहा-पंधरा मिनिटांनी बदलतं. एक चित्र बघून काही कळत नाही. ओळीनं चार बघायची. डाग कुठं सरकतोय, फुगतोय की विरतोय, पुढच्या कडेला नवा डाग उगवतोय का? रंगपट्टीवर ५० डीबीझेडच्या (ढगातून रडारकडे परतणाऱ्या लहरी किती जोरकस, त्याचं माप) वरचा गाभा दिसला की गारांची शक्यता धरायची आणि गाडी झाडाखालून काढायची.

रडारलाही आंधळी जागा असते. त्याचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण १२० किलोमीटरवर जवळजवळ दोन किलोमीटर उंचीवर असतो, २५० किलोमीटरवर सहाच्या जवळ. म्हणजे लांबच्या ढगाचं डोकं दिसतं, पोटात काय चाललंय ते नाही. त्यात कुलाब्याहून देशावर बघायचं तर मध्ये सह्याद्री. रडारवर कोरडं दिसत असताना तुम्ही भिजू शकता आणि गडद डाग असताना कोरडेही राहू शकता.

उपग्रहाची चित्रं याला पूरक, पण पर्याय नाहीत. इन्सॅटच्या चित्रात ढगाचा माथा दिसतो. माथा थंड आणि पसरट झाला म्हणजे ढग उंच गेला, एवढंच कळतं. तासाभराच्या आतल्या निर्णयाला, म्हणजे वाळत घातलेले पापड उचलायचे की नाही याला, रडारच बरं. विजेसाठी आयआयटीएमचं 'दामिनी' अॅप फोनवर असलंच पाहिजे. ते जवळपासच्या पट्ट्यात पडणाऱ्या विजा दाखवतं आणि इशारा देतं. वीज चमकल्यापासून गडगडाट यायला तीन सेकंद लागले तर ती साधारण एक किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की गच्ची सोडायची, फोटो कितीही भारी येणार असला तरी.

हा सगळा नाद फुकटचा आहे. खर्च होतो तो वेळ, आणि मे महिन्यातल्या दुपारच्या झोपा. माझं विचाराल तर सुरुवात इथूनच करावी.

दारातली हवा मोजायची तर

बहुतेक जण इथं पहिल्यांदा तापमापक घेतात. मी उलटं सांगेन: आधी पर्जन्यमापक घ्या. कारण साधं आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला तापमान नीट मोजायला जागाच नसते. गॅलरीत भिंत तापते, एसीचं बाहेरचं युनिट गरम हवा ओकतं, गच्चीवरची फरशी रात्री दहापर्यंत आग सोडते. महागातला महाग तापमापक लावा, मोजली जाईल ती भिंत. पावसाला मात्र वर उघडं आभाळ पुरतं. कठडा आणि टाकीपासून लांब ठेवलं की झालं, अडथळ्याच्या उंचीच्या दुपटीइतकं अंतर उत्तम. आणि वळवाचा पाऊस इतका तुटक पडतो की दोन किलोमीटरवरच्या वेधशाळेत शून्य आणि तुमच्याकडे ३० मिलिमीटर हे सहज होतं. तो आकडा जगात फक्त तुमच्याकडे असतो.

हिशेबही सोपा. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीत आणून खालची वक्र कड वाचायची, सकाळी साडेआठला लिहायचं. रोज. शून्य असेल तर शून्यही लिहायचं, कारण दोन वर्षांनी कोरी जागा म्हणजे पाऊस नव्हता की तुम्ही गावाला गेला होता हे तुम्हालाच आठवणार नाही.

तापमापक घ्यायचाच तर इंग्रजी यू आकाराचा कमाल-किमान मिळतो. त्यातल्या दोन बारीक दांड्या दिवसभरातली वरची आणि खालची टोकं धरून ठेवतात; वाचून झालं की चुंबकानं त्या पुन्हा पाऱ्यावर टेकवायच्या. उत्तरेकडची सावली, मोकळा वारा, शक्यतो मातीवर. गावाकडे परसू असेल तर तुम्ही नशीबवान. आकडा वेधशाळेशी जुळणार नाही आणि जुळवायचाही नाही. आजची तुमची नोंद आणि मागच्या वर्षीची तुमचीच नोंद, ही तुलना खरी.

वाय-फायवालं घरगुती हवामान केंद्र दिसायला मोहक: वारा, आर्द्रता, दाब, पाऊस, सगळं फोनवर. ज्यांच्याकडे शेत किंवा बंगल्याचं मोकळं आवार आहे आणि महिन्यातून एकदा पर्जन्यमापकातला पाला काढायची तयारी आहे, त्यांनी जरूर घ्यावं. त्यातली पाऊस मोजणारी, भरली की उलटणारी वाटी धो-धो पावसात मागं पडते आणि कमी मोजते, म्हणून शेजारी साधा पर्जन्यमापक असू द्या. तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलला लावण्यासाठी मात्र दहा हजारांच्या पुढं खर्च करणं मला पटत नाही.

शेतकऱ्यांना आणखी एक वाट आहे. राज्य सरकारच्या 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं उभी आहेत. मराठवाड्यात राहात असाल तर जवळच्या मंडळाचा पाऊस बघायला हे वेधशाळेपेक्षा सोयीचं. पीकविम्याचे वाद या आकड्यांवर होत असल्यानं स्वतःची रोजची नोंद शेजारी असलेली चांगली. विमा कंपनी ती मानेल असं नाही, पण मंडळाचा आकडा कुठं हुकला हे तुम्हाला तरी कळेल.

कोकण-गोव्यातल्या माणसानं कमाल तापमानाच्या मागं फार लागू नये. तिथं आर्द्रता मोजा. साधा उपाय म्हणजे दोन सारखे तापमापक, एकाच्या फुग्याला ओला सुती कपडा. दोन्हींतला फरक जितका कमी तितका घाम वाळत नाही, आणि ३५ अंशांतही जीव नकोसा का होतो ते आकड्यात दिसतं. विदर्भात मेमध्ये हाच फरक पंधरा अंशांच्या पुढं जातो, कूलर तिथं चालतो तो त्यामुळेच. अमेरिकेत असलेल्या मराठी मंडळींना तर आयती सोय आहे: १९९८ मध्ये कोलोरॅडोत सुरू झालेलं 'कोकोराज' हे स्वयंसेवकांचं जाळं, चार इंची पर्जन्यमापक, रोज सकाळी एक नोंद.

पर्जन्यमापक मात्र एप्रिलच्या आतच बसवा. जूनची वाट बघितली तर वळीव निघून गेलेला असतो, आणि मे महिनाही आता गृहीत धरण्यासारखा राहिलेला नाही: २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत आला आणि कुलाब्यानं १९१८ सालचा २७९.४ मिलिमीटरचा मे महिन्याचा विक्रम मोडला.