तोलाचा सराव: फरशीवर की वॉबल बोर्डवर?

एरोबिक्सला येणाऱ्या मुलांचे पालक हल्ली हमखास विचारतात, "तोलासाठी वॉबल बोर्ड घेऊ का?" वॉबल बोर्ड म्हणजे खाली गोल बूड असलेली, उभं राहिलं की डुलणारी फळी. पोराचा घोटा आधी मुरगळला नसेल तर मी सध्या नको म्हणते. घरातली शहाबादी फरशी पुरते.

शरीर तोल सांभाळतं ते डोळे, आतला कान आणि स्नायू-सांध्यांतून मेंदूला मिळणारी जाणीव या तिघांच्या जोरावर. अनवाणी एका पायावर उभं राहून डोळे मिटून बघा. घोटा थरथरतो, पायाची बोटं फरशीला धरू बघतात. ती थरथर हवीच, घोटा त्यातूनच शिकतो. 30 सेकंद जमायला लागले की डोळे उघडून मान हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायची. मग छोटी उडी, एका पायावर उतरायचं आणि 3 सेकंद तसंच थांबायचं. गुडघा आत झुकू द्यायचा नाही. माझ्या मते हा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा, कारण एरोबिक्समध्ये पाय घसरतो तो बहुतेकदा उतरताना.

तोल ज्या कामात घोटावा, त्याच कामात जास्त सुधारतो. आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी, पेलणारे बघा, यात्रेच्या कितीतरी दिवस आधीपासून काठी घेऊनच सराव करतात. बोर्डवर मिनिटभर डोलणारी मुलगी उडीवरून उतरताना डगमगते, हे मी वर्गात पाहिलंय.

मग बोर्ड कुणाला? ज्याचा घोटा एकदा मुरगळलाय त्याला. सूज-दुखणं गेल्यावर, फिजिओथेरपिस्टला विचारून, भिंतीलगत. अशा सरावानं तो पुन्हा मुरगळायचा धोका कमी होतो, तेव्हा इथं पैसे वाया जात नाहीत. बोसू बॉल, म्हणजे सपाट बुडाचा हवा भरलेला अर्धा चेंडू, महाग पडतो. वर्गात असला तर वापरा, घरी आणू नका.

फरशी सोपी वाटायला लागली आणि बोर्ड घ्यायचा नसेल, तर सोलापुरी चादरीची चौपदरी घडी घाला. जाड विणीवर पाय थोडा रुततो आणि घोट्याला काम लागतं. पण घडी थेट फरशीवर ठेवली तर सरकते, खाली रबरी मॅट हवीच. उड्या मात्र घडीवर नाहीत, त्या फरशीवरच.

वॉर्म-अपनंतर, मुख्य उड्यांच्या आधी 5 ते 10 मिनिटं द्या. दमलेल्या पायांनी नवा तोल शिकायला जाऊ नका.