लॅमिनेट फ्लोअरिंग आणि माहेरच्या वाड्यातल्या फळ्या : माझा अनुभव (४ स्टार)

नाशिकच्या थंडीबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको, जानेवारीत सकाळी सहाला टाइल्सवर पाय टाकला की थेट डोक्यात कळ जाते, त्यात सासूबाईंचे गुडघे, म्हणून त्यांच्या खोलीत लॅमिनेट, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांची जमीन, टाकायचं ठरवलं. फ्लॅट पाथर्डी फाट्याला, खोली १० बाय १२. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, का ते पुढे कळेलच.

मालक माणूस चांगला. मी एसी ४ विचारलं तर हसून म्हणाले ताई बहुतेक लोकांना वाटतं हे एअर कंडिशनरचं काहीतरी आहे. (मलापण आधी तेच वाटलेलं.) तो आकडा म्हणजे वरचा थर घासला जाऊन किती टिकेल त्याचा, घरात ३ पण चालतो. १२ एमएम जाडीचा आग्रह झाला पण आम्ही ८ एमएमच घेतलं, १२० स्क्वेअर फूट आणि वर १०% कटिंगमध्ये वाया जातं तेवढं जास्तीचं. खोकी दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवायला सांगितली, माल खोलीच्या हवेला सरावतो म्हणे, आणि ते खरंय.

फिटर साडेनऊ म्हणून साडेबाराला आले, मिसळ खाऊन, रश्श्याचा डाग शर्टावर होताच. पण काम बघायला मजा आली. टाइल्स काढल्या नाहीत, अॅल्युमिनियमची पट्टी फिरवून लेव्हल बघितली, एक कोपरा ३ एमएम दबलेला होता तो भरला, मग फोम अंथरला आणि पट्ट्या एकमेकांत खटाखट बसवत गेले, खिळा नाही गोंद नाही. सगळी जमीन नुसती तरंगती असते म्हणून भिंतीपाशी १० एमएम जागा सोडतात, वरून स्कर्टिंग आलं की दिसत नाही. उंची वाढल्यामुळे दार घासायला लागलं, ते खालून रंधून घ्यावं लागलं, त्याचे पैसे वेगळे, हे आधी कुणीच बोललं नव्हतं. कटिंग बाल्कनीत केलं आणि खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा, मग मीच जाऊन सॉरी म्हणून आले.

आता घोळ. तीन भिंतींना जागा सोडली आणि बाल्कनीच्या ग्रॅनाइटच्या पट्टीला मात्र लॅमिनेट घट्ट भिडवलं, तिथे फिनिशिंग छान दिसतं म्हणून. ऑगस्टमध्ये आठ दिवस सलग झड लागली आणि खोलीच्या मधोमध जमीन पापडासारखी फुगली, पाय ठेवला की खाली जायची आणि सोडला की वर. सासूबाई म्हणाल्या, "अगं, खाली उंदीर आहे का काय?" लॅमिनेटच्या आत दाबलेला लाकडी भुसाच असतो, दमट हवेत तो फुगणारच, सरकायला जागा नसली तर वर येणार. मालक दुसऱ्या दिवशी स्वतः आले, ती कड १० एमएम कापली, वर पट्टी बसवली, आणि दोन-तीन दिवसांत जमीन आपोआप खाली बसली. एक पैसा घेतला नाही. फिटरला माझ्यासमोरच असा काही झापला की मला त्याचीच दया आली, म्हणून नाव टाकत नाहीये.

त्याच भरवशावर माहेरच्या पंचवटीतल्या वाड्यातली जुनी लाकडी जमीन घासून पॉलिश करायचं काम पण त्यांनाच दिलं. माडीवर सागाच्या फळ्या, वर कुणीतरी कधीकाळी लाल ऑइलपेंट फासलेला. यावेळी एक म्हातारे सुतारकाका आले. अर्धा दिवस घासायच्या मशिनला हातच लावला नाही, गुडघ्यावर बसून पंच लावून एकेक खिळा फळीच्या आत ठोकत बसले, वर राहिला तर मशिनचा पेपर फाटतो. मग ४०, ८०, १२० नंबरचे, म्हणजे खरखरीत ते बारीक, असे तीन पॉलिश पेपर फिरवले, कोपऱ्यांत मशिन जात नाही तिथे हाताने, त्यात एक दिवस वाढला आणि मजुरी पण वाढली. भेगा त्याच फळ्यांचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरल्या, पण दोन फळ्यांमधल्या फटी तशाच ठेवल्या. मी म्हटलं काका ह्या राहिल्या, तर म्हणाले, "राहू दे बाई, पावसाळ्यात ह्या मिटतात, उन्हाळ्यात उघडतात, भरलं तर सगळं निघून येईल." साग तेलकट म्हणून थिनरने पुसून मग पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात, मॅट. वास चार दिवस गेला नाही, आईबाबांना आमच्याकडे आणावं लागलं.

फळ्या इंचभर जाड आहेत, आणखी दोनदा तरी घासता येतील. लॅमिनेटला ती सोय नाही, वरचं लाकूड म्हणजे छापलेला कागद, उडाला की पट्टीच बदलायची. म्हणून उरलेल्या पट्ट्या टाकू नका. आमच्या सासूबाईंच्या पलंगाखाली आहेत, आणि त्यांना वाटतं त्या दुकानात परत देऊन पैसे घ्यावेत.