तोयो ईटरी की मानाम? मनिलातल्या एका संध्याकाळचा निर्णय

कामानिमित्त मनिलाला जाणारे, किंवा तिथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलांना भेटायला जाणारे मराठी पालक मला हमखास एक प्रश्न विचारतात: खरे फिलिपिनो जेवण, पण आजच्या पद्धतीने रांधलेले, एकदाच जेवायचे असेल तर कुठे जावे? सोळा शहरे आणि एक नगरपालिका मिळून झालेल्या त्या अवाढव्य महानगरात अशी उपाहारगृहे आता बरीच आहेत, परंतु चर्चा शेवटी दोन नावांवर येऊन थांबते. एक मकातीमधील तोयो ईटरी आणि दुसरे शहरभर शाखा असलेले मानाम. ही दोन्ही आधुनिक फिलिपिनो उपाहारगृहे म्हणून ओळखली जातात, मात्र ‘आधुनिक’ या शब्दाचा अर्थ दोघांनी इतका वेगळा लावला आहे की निवड करण्यापूर्वी तो समजून घेणे आवश्यक आहे.

तोयो ईटरी २०१६ साली जॉर्डी नवारा आणि त्यांच्या पत्नी मे नवारा यांनी सुरू केले. जॉर्डी यांनी त्याआधी इंग्लंडमधील ‘फॅट डक’ आणि हाँगकाँगमधील ‘बो इनोव्हेशन’ या नामांकित स्वयंपाकघरांत काम केले होते. ‘तोयो’ म्हणजे सोया सॉस. घराघरांत असणाऱ्या इतक्या साध्या वस्तूचे नाव त्यांनी मुद्दाम घेतले. चिनो रोसेस मार्गावरील कारिविन या छोट्याशा संकुलात हे उपाहारगृह आहे. २०१९ मध्ये ते आशियातील पन्नास सर्वोत्तम उपाहारगृहांच्या यादीत आले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेने फिलिपिन्ससाठी पहिल्यांदाच निवड जाहीर केली तेव्हा त्याला एक तारा मिळाला. मानाम हे ‘मोमेंट ग्रुप’ या उपाहारगृह-समूहाचे असून २०१३ पासून चालू आहे. तिथे नेहमीचे पदार्थ आणि त्यांना दिलेली नवी वळणे असे दोन्ही मिळते, आणि प्रत्येक पदार्थ लहान, मध्यम व मोठ्या अशा तीन मापांत मागवता येतो. चौघांच्या टेबलावर आठ पदार्थ चाखून पाहायचे असतील तर ही सोय फार मोलाची आहे.

माझ्या मते या दोहोंतला निर्णायक फरक किमतीत किंवा ताऱ्यात नाही, तर चवीवर शेवटचा अधिकार कोणाचा यात आहे. फिलिपिनो जेवणात ‘सावसावान’ म्हणून एक प्रथा आहे. टेबलावर शिरका, सोया सॉस, हिरवी-लाल मिरची, लसूण आणि कालामान्सी नावाची छोटी लिंबे ठेवलेली असतात, आणि प्रत्येक जण आपापल्या वाटीत आपल्याला हवे तसे मिश्रण करून त्यात घास बुडवतो. आपल्या पानाची डावी बाजू ज्यांनी लहानपणापासून वाढलेली पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे डावीकडे असते ते जेवणाऱ्याने स्वतःचा घास स्वतः पुरा करावा म्हणूनच. (फिलिपिन्समध्ये कच्च्या पपईच्या लोणच्याला ‘आचारा’ म्हणतात, हा योगायोग नव्हे, तो शब्द मुळात आपल्याच बाजूचा.) मानाममध्ये ही डावी बाजू शाबूत आहे आणि पदार्थही भाताबरोबर एकदमच येतात. तोयोमध्ये ठरलेल्या क्रमाने एकेक पदार्थ समोर येतो आणि आंबट किती, खारट किती, हे आचाऱ्याने आधीच ठरवलेले असते. कोणत्याही चाखण-जेवणात असेच असते आणि त्यात उणे काही नाही, पण फिलिपिनो जेवणाशी पहिली ओळख होताना ही गोष्ट फार जाणवते.

आंबटपणा हा या स्वयंपाकाचा कणा आहे आणि कोकणी माणसाला तो सहज कळतो. ‘सिनिगांग’ हे आंबट कालवण बहुधा चिंचेचे करतात, पण प्रांतागणिक कैरी किंवा बिलिंबीही वापरतात, आणि पानाय व नेग्रोस बेटांवर ‘बातुआन’ नावाचे फळ घालतात, जे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्या कोकमाच्याच गणातले आहे. माडाच्या ताडीपासून केलेला शिरका तिथल्या स्वयंपाकघरात रोजचा आहे, जसा तो गोव्यात सोरपोतेलसाठी लागतो. मानामचे सर्वांत प्रसिद्ध सिनिगांग गोमांसाच्या बरगडीचे असून त्यात कलिंगडाच्या फोडी असतात. वाचताना हे विचित्र वाटेल, परंतु चिंचेच्या तीव्र आंबटाला कलिंगडाचा पाणीदार गोडवा असा काही सावरून धरतो की आमसुलाच्या सारात गूळ का घालतात याचीच आठवण व्हावी. ज्यांना गोमांस चालत नाही त्यांनी मागवण्यापूर्वी कोणते मांस आहे हे आवर्जून विचारावे, कारण हाच पदार्थ फिलिपिन्समध्ये कोळंबीचा आणि डुकराच्या मांसाचाही करतात.

मानामचा दुसरा पदार्थ म्हणजे कुरकुरीत ‘सिसिग’. १७३२ च्या कापाम्पांगान (पाम्पांगा प्रांताची भाषा) शब्दकोशात हा शब्द आंबट कोशिंबिरीसाठी आला आहे. डुकराच्या डोक्याचे मांस भाजून, बारीक चिरून, कांदा-मिरचीसह तापल्या लोखंडी तव्यावर वाढण्याची आजची रीत पाम्पांगा प्रांतातील आंगेलेस शहरात लुसिया कुनानान यांनी १९७० च्या दशकात रूढ केली, असे मानले जाते. तवा टेबलावर येतो तेव्हा तो चरचरत असतो, आणि त्यावर कालामान्सी पिळताक्षणी उठणारी वाफ नाकात गेली की भूक आपोआप चाळवते. पाम्पांगाचे जाणकार मनिलातल्या कुरकुरीत अवताराला मूळ सिसिग मानत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे मला पटते, तरीही पहिल्या भेटीत हा पदार्थ चुकवू नये.

तोयोची ओळख मात्र एका भाजीच्या पदार्थाने झाली आहे. ‘बाहाय कुबो’ हे फिलिपिन्समधल्या प्रत्येक मुलाला पाठ असलेले लोकगीत आहे. एका झोपडीच्या परसात काय काय पिकते हे त्यात सांगितले आहे. त्यात अठरा नावे येतात, आणि जॉर्डी यांनी त्या अठराही जिन्नसांची एक कोशिंबीर रचली आहे. काही कच्चे, काही भाजलेले, काही मुरवलेले, आणि वर वाफ्यातल्या मातीसारखा दिसणारा भुरका. मी ती यादी प्रथम वाचली तेव्हा थक्क झाले: वांगे, चौधारीच्या शेंगा, शेंगदाणे, चवळीच्या शेंगा, वाल, डबलबी, कोहळा, दोडका, दुधी, लाल भोपळा, मुळा, मोहरी, कांदा, टोमॅटो, लसूण, आले आणि तीळ. सिंकामास हा एक कंद सोडला तर बाकीचे सतरा जिन्नस आपल्या बाजारात मिळतात, आणि तीळ, शेंगदाणे, वांगे व वाल एकत्र आले की कोणत्याही मराठी घरात भोगीच्या भाजीची आठवण होणारच. या एका पदार्थासाठी तोयोला जावे असे मला मनापासून वाटते. तिथला डुकराच्या मांसाच्या तीन भागांचा बार्बेक्यूही तितकाच विचारपूर्वक केलेला आहे, पण रस्त्यावर काडीला लावून भाजला जाणारा मूळ बार्बेक्यू ज्याने खाल्लेला नाही, त्याला त्यातली खुबी अर्धीच कळेल.

शाकाहारी मंडळींसाठी दोन्ही ठिकाणी सावधगिरी हवी. मनिलातल्याच एका जेवणघरात माझ्या आईने भेंडी, वांगे, कारले आणि भोपळा दिसतो म्हणून ‘पिनाकबेत’ ही भाजी मागवली आणि पहिल्याच घासाला तिचा हात थांबला, कारण त्यात ‘बागोओंग’ म्हणजे खारवून मुरवलेला जवळा होता. वाढणाऱ्या मुलीने ‘मांस नाही’ असे सांगितले होते, आणि तिच्या समजुतीप्रमाणे ते खरेच होते. तेव्हा ‘शाकाहारी’ एवढ्यावर न थांबता मासे, कोळंबी, बागोओंग आणि ‘पातिस’ हा माशांचा रस चालत नाही, असे एकेक नाव घेऊन सांगावे. तोयोमध्ये हे आरक्षण करतानाच कळवावे, कारण ठरलेला क्रम ऐन वेळी बदलणे कोणत्याही स्वयंपाकघराला अवघड जाते. मानाममध्ये टेबलावर बसून एकेक पदार्थ तपासून मागवता येतो, मात्र त्यातून जेवण पुरेसे भरेल याची अपेक्षा ठेवू नये.

खर्चाविषयी इतकेच सांगते की तोयोचे एका माणसाचे जेवण मानामच्या कित्येक पट पडते आणि तिथली जागा बरीच आधी धरून ठेवावी लागते. मानाममध्ये आयत्या वेळी जाता येते, सुट्टीच्या दिवशी थोडे थांबावे लागते इतकेच.

तेव्हा लहान मुले किंवा वडीलधारी मंडळी बरोबर असतील, किंवा फिलिपिनो जेवण पूर्वी कधीच खाल्ले नसेल, तर ती एक संध्याकाळ मानामला द्यावी, आणि तोयो हुकले याची खंत करू नये. ज्यांनी सिनिगांग, आदोबो (शिरका आणि सोया सॉसमध्ये शिजवलेले मांस) आणि सिसिग आधी कोणाच्या घरी किंवा साध्या खानावळीत मनसोक्त खाल्ले आहेत, त्यांनी मात्र सरळ तोयो निवडावे. दोन संध्याकाळी हाताशी असतील तर पहिली मानामची आणि दुसरी तोयोची असावी. हा क्रम उलटा करू नये, कारण तोयोतला जवळजवळ प्रत्येक पदार्थ कोणत्या तरी मूळ चवीला दिलेले उत्तर आहे, आणि ती मूळ चव आदल्या रात्रीची का होईना, जिभेवर असावी लागते.