फॅमिली कौन्सेलिंग: बरेच महिने जाऊन आल्यावर, आणि दोन हजार कापले गेल्यावर

आधी तक्रार. खडकवासल्यातून पाणी सोडलं, आमच्याकडचा रस्ता बंद झाला. दुपारीच फोन करून संध्याकाळच्या सेशनला येता येणार नाही असं कळवलं, तरी पूर्ण २,००० रुपये कापले. चोवीस तास आधी कळवायचं हा नियम फॉर्मवर आहे, सही माझीच आहे. पण धरणाचे दरवाजे मला विचारून उघडत नाहीत. ऑनलाइन घ्या म्हटलं, तर फॅमिली सेशन ऑनलाइन होत नाही. रिसेप्शनवरच्या मुलीचं एकच पालुपद, "मॅम, सिस्टिममध्येच तसं आहे." त्या रागात लिहायला बसलेय, पण लिहायचंच तर सगळं लिहिते.

आमच्या घरात मारामाऱ्या नव्हत्या. नवरा बोलत नाही, सासूबाई माझ्यामार्फत बोलतात, मुलगा बारावीत आणि खोलीचं दार बंद. आम्ही जातो हे कळल्यावर एका आत्याबाईंनी सरळ विचारलं, "कोर्टात गेलात की काय?" कौटुंबिक न्यायालयांत १९८४ च्या कायद्यापासून समुपदेशक असतात, त्यामुळे समुपदेशन म्हणजे घटस्फोटाची पहिली पायरी, हे आमच्या नात्यात ठरलेलंच आहे.

आमच्या समुपदेशक मॅडमनी आधी सगळ्यांना एकत्र भेटवलं, मग एकेकट्याला, मग आम्हा दोघांना. गरज पडेल तशी सासूबाई आणि मुलाला हाक. एकट्याने भेटण्याआधीच बजावलं की दोघांच्या संसाराशी संबंध असलेलं काही कळलं तर ते मी दुसऱ्यापासून लपवणार नाही. मला हे भयंकर खटकलं. पैसे मोजायचे आणि वर मन मोकळं करायची चोरी! पण नवरा एकटा जाऊन आला त्या रात्री "काय बोलला असेल" म्हणत मी जागी राहिले नाही, हेही खरं.

एका सेशनला फळ्यावर तीन पिढ्यांचा नकाशा काढला. पुरुष चौकोन, बाई गोल, भांडणाच्या नात्यावर नागमोडी रेघ. ही पद्धत मरे बोवेन या अमेरिकन डॉक्टरांच्या विचारातून आली म्हणे. सासूबाई सुरुवातीला हाताची घडी घालून बसल्या होत्या. मग उठल्या, मॅडमच्या हातातून मार्कर घेतला आणि सासरे व त्यांचे धाकटे भाऊ यांच्यामध्ये स्वतःच नागमोडी रेघ ओढली. जमिनीच्या वाटणीवरून सासऱ्यांनी भावाशी बोलणं टाकलं ते शेवटपर्यंत. नवरा फळ्याकडे बघत बसला. रागावलं की बोलणं टाकायचं, हे त्याने कुठे पाहिलं ते सांगायला मॅडमची गरजच पडली नाही.

खुर्च्यांचंही तसंच. मुलगा सवयीने आम्हा दोघांच्या मध्ये बसायचा. मॅडम म्हणाल्या, "तू खिडकीजवळ बस, आईबाबांना एकमेकांकडे बघू दे." साल्वादोर मिनुचिन नावाच्या थेरपिस्टने रूढ केलेली ही युक्ती. मला तेव्हा वाटलं, खुर्च्या हलवायचे दोन हजार? पण मुलगा खिडकीजवळ जाऊन जो सैल बसला, तसा घरी कितीतरी दिवसांत दिसला नव्हता.

आता घड्याळ. मॅडमच्या डोक्यामागे भिंतीवर एक पांढरं घड्याळ आहे आणि माझं अर्धं लक्ष कायम त्यावर. सेशन पन्नास मिनिटांचं, म्हणजे मिनिटाला ४० रुपये. नवऱ्याला कंठ फुटायचा पंचेचाळिसाव्या मिनिटाला. तोपर्यंत ट्रॅफिक, ऑफिस, पुन्हा ट्रॅफिक. आणि तो महत्त्वाचं काही बोलायला लागला की मॅडम शांतपणे, "हे पुढच्या वेळी इथूनच सुरू करू." माझ्या अंगाची लाही व्हायची. दहा मिनिटं जास्त दिली तर काय बिघडतं? मी विचारलंही. म्हणाल्या, शेवटच्या क्षणी महत्त्वाचं बोलणं बऱ्याच जणांचं होतं. वेळ वाढवली तर ते आणखी पुढे जातं. मला पटलं नाही. पण दिवाळीनंतर केव्हातरी नवरा खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणाला, "आईला माझ्याकडे थेट बोलायला सांगा, हिच्याकडून निरोप नकोत." घड्याळात तीन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. तेव्हा पन्नास मिनिटांबद्दलची तक्रार मागे. दोन हजारांची नाही.

घरात टिकलेली गोष्ट एकच, तीही गॉटमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. भांडताना नाडी शंभरावर गेली की ऐकूच येत नाही, निदान वीस मिनिटं थांबायचं. नवऱ्याच्या हातात स्मार्टवॉच आहेच. परवा गीझरच्या बिलावरून जुंपली, त्याने मनगट पुढे केलं, एकशे आठ. गॅलरीत गेला. वीस मिनिटांनी परत आला, हे नवीन. पूर्वी दोन दिवस यायचा नाही. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचा गृहपाठ मात्र आम्ही आठवड्यात सोडला. "तुझं म्हणणं असं की कचरा मी टाकावा" हे ऐकून मुलगा हसत सुटायचा.

पैशांचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखा विमा द्यायला सांगितलंय, म्हणून मी पावत्या जोडून क्लेम टाकला. नामंजूर. आमच्या पॉलिसीत ॲडमिट झालं तरच पैसे, आणि नवरा-बायकोच्या अबोल्यासाठी कोणी ॲडमिट करत नाही. परवडत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात; टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आय-कॉल'ही आहे. घरातल्या सगळ्यांनी एका खोलीत बसायचं काम फोनवर होत नाही, पण सुरुवातीला चालेल. आणि पाटीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहिलं असेल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषद, इथे त्यांची नोंदणी होते) नोंदणी क्रमांक विचारा. मी विचारला तेव्हा मॅडमनी लगेच दाखवला.

सध्या महिन्यातून एकदाच जातो. सासूबाई म्हणतात, "मॅडमना सांग, मी पण येणार." मी म्हटलं, आई, नंबर देते, तुम्हीच सांगा. त्यांनी फोन केला आणि बोलता बोलता त्या दोन हजारांचा विषयही काढला. पुढच्या बिलात अर्धे वळते करतो म्हणालेत.