कॉलेज रोडवर मिळणाऱ्या इटालियन फौजदारी कायद्याच्या स्पायरल नोट्स

तौलनिक कायद्याच्या पेपरसाठी निम्म्या कामाच्या. १९३० च्या दंडसंहितेचं कलम १ (कायद्यात नाही तर गुन्हा नाही) इटलीच्या संविधानाच्या कलम २५ शी नीट जोडलंय. गुन्हा ठरवायच्या पायऱ्याही क्रमाने: कायद्यात बसणारं कृत्य, बेकायदेशीरपणा, दोष. क्रम चुकला की घोळ. स्वसंरक्षण (कलम ५२) दुसऱ्या पायरीवरच (बेकायदेशीरपणा) गुन्हा संपवतं, दोषापर्यंत जायचं कारणच नाही.

खरी गफलत कलम ४३ ची, म्हणजे गुन्ह्यामागच्या मानसिकतेच्या प्रकारांची. हेतू आणि निष्काळजीपणा दिलाय, तिसरा प्रकार सरळ गाळलाय: नुसती मारहाण करायची होती, पण माणूस गेला. शिक्षा कलम ५८४ खाली, १० ते १८ वर्षं. कलम ४० च्या पानाची झेरॉक्स इतकी फिकी, की कायदेशीर कर्तव्य असून परिणाम न टाळणं म्हणजे तो घडवणंच, हा भाग वाचताच येत नाही. घेण्याआधी तेवढं पान उघडून बघा.